घशाची वही

शाळा उघडून तीन आठवडे होत नाहीत तोच गुहागर तालुक्यातल्या दवाखान्यांत एक वाक्य ऐकू यायला लागतं : "ह्याला टॉन्सिलचा त्रास आहे." सांगणारी आई अंजनवेलची असेल, वेलदूरची असेल नाहीतर रानवीची. तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते. पिशवीत अर्ध्या संपलेल्या सिरपच्या बाटल्या, दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि घडी पडून पडून फाटायला आलेला रक्ताचा एक रिपोर्ट. डॉक्टर विचारतात, "वर्षातून किती वेळा होतं, ताई?" उत्तर येतं, "सारखंच असतं." "सारखं म्हणजे किती?" आई आजीकडे बघते. आजी म्हणते, "गणपतीत झालं होतं. मग मध्ये एकदा. शिमग्यात तर होतंच होतं."

गणपती आणि शिमगा ही नावं उगीच येत नाहीत. तेव्हा मुंबईचे चाकरमानी गावात असतात, चार माणसांच्या घरात वीस माणसं झोपतात, सगळ्या पोरांचा पाण्याचा पेला एकच असतो, आणि लोकलच्या गर्दीतले जंतूही गावाला येतात. आजीचं निरीक्षण चोख असतं. अडतं ते आकड्यापाशी. पोराला औषध किती द्यायचं, इंजेक्शन घ्यायचं का, टॉन्सिल काढायचे का, हे सगळं ज्या एका आकड्यावर ठरायला हवं, तो कुणापाशीच नसतो.

आकडा एवढा महत्त्वाचा का, हे कळायला आधी टॉन्सिल म्हणजे काय ते बघावं लागेल. आरशापुढे तोंड उघडलं की पडजिभेच्या दोन्ही अंगांना कमानीत बसलेल्या दोन गाठी दिसतात, ते टॉन्सिल. त्यांच्या जोडीला नाकाच्या मागे ॲडेनॉइड आणि जिभेच्या मुळाशी तशाच पेशींचा थर असतो. सगळं मिळून घशाभोवती एक कडं तयार होतं. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डायर यांनी १८८४ साली या कड्याचं वर्णन केलं, म्हणून ते त्यांच्या नावानं ओळखलं जातं. टॉन्सिलचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. त्यात दहा-वीस खोल भेगा असतात आणि हवेतून, अन्नातून आलेले जंतू त्यांत अडकतात. तिथल्या पेशी त्यांची ओळख करून घेतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायला लागतात. अंजनवेलच्या माणसाला हे समजवायला लांबचं उदाहरण नको. दाभोळच्या खाडीच्या तोंडावर गोपाळगड आहे. खाडीत शिरणारं गलबत आधी त्याच्या नजरेखालून जायचं, म्हणून मारही पहिला त्यालाच बसायचा; आदिलशाही, सिद्दी, आंग्रे, इंग्रज, सगळ्यांनी त्याच्यावरच हात घातला. आणि दाभोळ बंदराचा व्यापार ओसरला तसा गडाचा रुबाबही उतरला. टॉन्सिलचंही असंच होतं. तीन ते सात-आठ वर्षांच्या वयात ते जोरात असतात, मोठे असतात, कारण मुलाला रोज नवा जंतू भेटत असतो. बाराव्या-तेराव्या वर्षापासून ते आपोआप आक्रसू लागतात.

म्हणून पाच वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल मोठे दिसले तर तो आजार नव्हे. ताप नाही, दुखत नाही, श्वासाला अडथळा नाही, असे मोठे टॉन्सिल बघून घाबरण्यासारखं काही नसतं. पहिल्या काही वर्षांत निरोगी मुलालाही वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-पडसं होतं, आणि त्यातल्या निम्म्या वेळा घसाही लाल होतो. याला "वारंवार टॉन्सिल" म्हणायचं ठरवलं तर गावातलं एकही पोर सुटणार नाही.

घसा दुखण्याची बहुतेक कारणं विषाणूंची असतात. शाळकरी वयात घसा दुखून दवाखान्यात आलेल्या शंभर मुलांपैकी साधारण वीस ते तीस जणांच्या घशात 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकॉकस हा जिवाणू सापडतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलात तो क्वचितच असतो. प्रतिजैविकाचा उपयोग फक्त या वीस-तीस जणांना. बाकीच्यांना ते दिलं तर जुलाब होतात आणि पैसे जातात. ताप मात्र आपल्या ठरल्या दिवशीच उतरतो, आणि श्रेय औषधाला मिळतं.

हे वीस-तीस ओळखायचे कसे? मुलाला खिडकीकडे तोंड करून बसवा, म्हणजे उजेड आत जातो. नाहीतर मोबाइलचा टॉर्च चालतो. चमचा उलटा धरून दांडा जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागावरच टेकवा. त्यामागे गेलात तर उलटी येणार आणि पुढच्या वेळी पोर तोंड उघडणार नाही. धावून आल्यावर टाकतो तसे तोंडाने श्वास टाकायला सांगितलं की जीभ आपोआप खाली बसते, कधी कधी चमचा लागतही नाही. बघायचं ते असं : टॉन्सिलवर पांढरे-पिवळे ठिपके आहेत का? जबड्याच्या कोनाखाली, मानेच्या पुढच्या बाजूला, दाबल्यावर दुखणारी गाठ लागते का? ताप किती आहे? आणि सगळ्यांत कामाचा प्रश्न : खोकला आहे का? नाक गळतंय, आवाज बसलाय, डोळे लाल आहेत, खोकला आहे, तर ते जवळपास नक्की विषाणूचं काम. खोकला-सर्दी अजिबात नाही, कडकडून ताप आहे, थुंकीसुद्धा गिळवत नाही, मान दुखते, तर स्ट्रेप्टोकॉकसचा संशय बळावतो. अमेरिकेतल्या रॉबर्ट सेंटर यांनी १९८१ साली मोठ्या माणसांसाठी हीच चार लक्षणं मांडली. कॅनडाच्या मॅकआयझॅक यांनी १९९८ मध्ये त्यात वयाचा हिशेब घालून ती मुलांनाही लागू केली. चारही जुळली तरी निदान पन्नास टक्क्यांच्या आसपासच खरं ठरतं. घशाचा बोळा घेऊन तपासणी करणं हाच खात्रीचा मार्ग, पण खेड्यातल्या दवाखान्यात ती सोय सहसा नसते, आणि डॉक्टरांना या चार लक्षणांच्या अंदाजानेच चालावं लागतं.

पांढऱ्या ठिपक्यांबद्दल एक सावधगिरी. ठिपके न दिसता टॉन्सिलवर राखाडी, चिवट पापुद्रा दिसला, तो पडजिभेकडे पसरत असेल, मान सुजली असेल आणि मुलाचं लसीकरण अर्धवट असेल, तर तो घटसर्प असू शकतो. तिथे वाट बघायची नाही, लगेच मोठं रुग्णालय गाठायचं. दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा डोस चुकवू नका असं आशाताई सांगते ते याचसाठी.

आता मुख्य भीती. स्ट्रेप्टोकॉकसचा घसा बहुतेक मुलांत उपचाराविनाही आठवड्याभरात बरा होतो. प्रतिजैविकाने त्रासाचा काळ सरासरी सोळा-एक तासांनीच कमी होतो, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसलं आहे. मग ते द्यायचं कशाला? हृदयासाठी. काही मुलांमध्ये घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. आज गुडघा सुजतो, परवा तो उतरून घोटा धरतो. मूल धापा टाकायला लागतं. हा संधिवाताचा ताप. पाच ते पंधरा हे त्याचं वय. त्यात झडप खराब झाली तर ती जन्मभर साथ सोडत नाही, आणि पुष्कळदा उघडकीला येते ती मुलगी मोठी होऊन गरोदर राहिल्यावर. काही मुलांत उलट मूत्रपिंडावर परिणाम होतो : सकाळी चेहरा सुजलेला, लघवी गडद तांबूस. घसा बरा झाल्यानंतरचा महिनाभर या दोन गोष्टींवर नजर ठेवावी.

ही साखळी तोडता येते, हे १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, वॉरन हवाईतळावरच्या सैनिकांवर केलेल्या चाचण्यांमधून सिद्ध झालं. घशाला पेनिसिलिन मिळालेल्या सैनिकांमध्ये हा ताप जवळपास थांबला. त्याच अभ्यासमालेतून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि अंजनवेलसारख्या गावाला तीच जास्त उपयोगाची आहे : घसा दुखायला लागल्यापासून नवव्या दिवसापर्यंत उपचार सुरू केला तरी हृदय वाचतं. म्हणजे पहिल्या रात्री ताप आला म्हणून पावसात रिक्षा करून शृंगारतळीचा दवाखाना गाठायची गरज नाही. मूल पाणी पितंय, लघवी होतेय, श्वास नीट आहे, तर दोन दिवस घरी थांबून बघायला पुरेसा वेळ असतो. या दोन दिवसांत सर्दी-खोकला उमटला की प्रश्न आपोआप निकालात निघतो. माझ्या मते हे नऊ दिवस प्रत्येक आईला माहीत असायला हवेत. रात्रीच्या निम्म्या धावपळी त्याने टळतील.

थांबायचं नाही अशी लक्षणं वेगळी आहेत. लाळ गळतेय आणि गिळताच येत नाही. तोंड उघडत नाही. आवाज तोंडात काही कोंबल्यासारखा येतो आणि घशाची एकच बाजू फुगून पडजीभ दुसरीकडे ढकललेली दिसते. श्वास घेताना घरघर होते. दहा-बारा तासांत लघवी नाही. यातलं एकही दिसलं की निघायचं, मग रात्र असो वा पाऊस.

पेनिसिलिन वापरात येऊन ऐंशी वर्षं होऊन गेली, आणि 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकॉकस आजही त्याला पुरता शरण आहे. इतका भरवशाचा नोकर औषधांच्या जगात विरळाच. तरीही आपल्याकडे या आजारावर सर्रास लिहिली जाते ती तीन दिवसांची ॲझिथ्रोमायसिनची बाटली. डोस कमी, चव बरी, आई खूश. पण त्या गटातल्या औषधांना हाच जंतू पुष्कळ ठिकाणी जुमानेनासा झाला आहे. ज्याला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी ते राखून ठेवावं. नेहमीच्या मुलाला अमॉक्सिसिलिन, तेही पूर्ण दहा दिवस. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, पोर अंगणात खेळायला लागतं, आणि उरलेली बाटली "पुढच्या वेळेला" म्हणून फडताळात जाते. दहा दिवस पाळणं जमणार नसेल तर बेंझाथिन पेनिसिलिनचं एक इंजेक्शन तेच काम करतं : सत्तावीस किलोपर्यंतच्या मुलाला सहा लाख युनिट, त्यावर बारा लाख. ते दुखतं, आणि ॲलर्जीच्या भीतीने बरेच डॉक्टर ते द्यायला धजत नाहीत. भीती अगदीच खोटी नाही, म्हणून ते जिथे तातडीची औषधं हाताशी आहेत अशा दवाखान्यातच घ्यावं आणि नंतर अर्धा तास तिथेच बसावं.

पिशवीतल्या त्या घडी पडलेल्या रिपोर्टबद्दल थोडं कडक बोलायला हवं. तो बहुतेक वेळा 'ए.एस.ओ. टायटर'चा असतो, आणि त्यावर चारशे-सहाशे असा आकडा ठळक छापलेला असतो. हा आकडा पाहून कित्येक मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिन टोचलं जातं, "टायटर खाली येईपर्यंत". या तपासणीचा अर्थ एवढाच की गेल्या काही महिन्यांत या शरीराची स्ट्रेप्टोकॉकसशी गाठ पडली होती. शाळेत जाणाऱ्या धडधाकट मुलांतही तो आकडा प्रयोगशाळेच्या दोनशेच्या रेषेवर जातो आणि महिनोन्‌महिने तिथेच राहतो. सांधे सुजलेले नाहीत, हृदयाची तपासणी स्वच्छ आहे, तर नुसत्या आकड्यावर उपचार करायचा नसतो. दर तीन आठवड्यांचं इंजेक्शन ही ज्याला संधिवाताचा ताप खरोखर होऊन गेला त्याची गरज आहे. त्याने मात्र एकही चुकवता कामा नये. तसंच, शंभरातल्या दहा-बारा शाळकरी मुलांच्या घशात हा जंतू काहीही त्रास न देता राहत असतो. त्यांना शोधून काढून औषध पाजण्यात काही अर्थ नाही.

घरचा उपचार साधा आहे. ताप आणि दुखणं यांना पॅरासिटॅमॉल, किलोमागे पंधरा मिलिग्रॅम, सहा तासांनी. इथे एक जागा घोटाळ्याची आहे. मेडिकलमध्ये हे सिरप दोन ताकदींत मिळतं : पाच मिलिलिटरमध्ये सव्वाशे आणि पाचमध्ये अडीचशे. पंधरा किलोच्या मुलाला पहिल्यातलं नऊ मिलिलिटर लागतं, दुसऱ्यातलं साडेचार. "एक झाकण" हे माप दोन्हीकडे चालत नाही. बाटलीवरचा आकडा वाचूनच द्यावं. निमेसुलाइडवर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे, तरी जुन्या चिठ्ठीवर ते मागणारे भेटतात. ॲस्पिरिनही मुलांना नको. सहा-सात वर्षांच्या पुढे गुळण्या जमतात : ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. वर्षाच्या वरच्या मुलाला मध चालतो. अंगठ्याला हळद-मीठ लावून घसा आतून दाबायची, "टॉन्सिल फोडायची" पद्धत अजून कुठे कुठे आहे. ती बंद व्हायला हवी. सुजलेल्या जागी इजा होते, आणि आत पू असेल तर तो पसरतो.

आणि थंड-आंबट? कैरी, चिंच, करवंदं, दोन रुपयांची पेप्सी, जत्रेतला बर्फाचा गोळा, हे सगळे आरोपी कायम पिंजऱ्यात उभे. घसा सोललेला असताना आंबट झोंबतं हे खरं. तेवढे दिवस देऊ नये. पण टॉन्सिलचा जंतू येतो तो दुसऱ्याच्या खोकल्या-शिंकेतून, थुंकीतून, उष्ट्या पेल्यातून. गोळ्याचं पाणी घाण असेल तर पोट बिघडेल, ती तक्रार वेगळी. ताप असताना मूल काहीच गिळत नसेल तर थंडगार दूध किंवा आइस्क्रीम बिनदिक्कत द्यावं. दुखणं कमी होतं आणि पोटात काही जातं. वर्षभर सोलकढी बंद ठेवून टॉन्सिल थांबल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. त्यापेक्षा चुलीचा धूर, मच्छरांची कॉइल आणि बापाची बिडी यांच्याकडे बघावं. प्रत्येक मुलाला स्वतःचा पेला, शाळेत स्वतःची बाटली, आणि प्रतिजैविक सुरू झाल्यावर पहिले चोवीस तास घरी, एवढं सांभाळलं तरी भावंडं वाचतात.

हे झालं एका खेपेचं. पुन्हा पुन्हा होतं त्याचं काय?

टॉन्सिल काढण्याचा इतिहास फार जुना आहे. वाग्भटाने घशातली कापसाच्या बोंडाएवढी सूज 'तुंडिकेरी' या नावाने नोंदली आहे, आणि रोमन लेखक सेल्सस बोटाने टॉन्सिल सोडवून काढायला सांगतो. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेत या शस्त्रक्रियेचं जे पीक आलं त्याला तोड नाही. शरीरातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ एखाद्या कोपऱ्यात दडलेल्या पुवात असतं असा सिद्धान्त तेव्हा जोरात होता, आणि टॉन्सिल आयते हाताशी होते. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये एका बालआरोग्य संस्थेने अकरा वर्षांच्या एक हजार शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ जणांना डॉक्टरांच्या एका गटाने तपासलं आणि १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. ज्यांना नको म्हटलं त्या २१५ जणांना दुसऱ्या डॉक्टरांपुढे उभं केलं; त्यांनी त्यातल्या ९९ जणांचे काढा म्हटलं. उरलेले ११६ तिसऱ्या गटापुढे गेले, तर तिथेही पुन्हा जवळपास निम्म्यांना तोच सल्ला. शेवटी हजारातली ६५ मुलं अशी राहिली की ज्यांना कुणी काही म्हटलं नाही. डॉक्टर अडाणी नव्हते की लबाड नव्हते. घशात बघून निम्म्यांचे काढायचे अशी त्यांच्या डोळ्यांना सवय लागलेली होती, आणि समोर कोणती मुलं आहेत याचा तिच्याशी संबंध उरला नव्हता. चार वर्षांनी इंग्लंडमध्ये ॲलिसन ग्लोव्हर यांनी दाखवून दिलं की एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेलं की टॉन्सिल काढण्याचं प्रमाण कितीतरी पटींनी बदलतं. हॉर्न्झी इथे शाळांचे वैद्यकीय अधिकारी बदलले आणि शस्त्रक्रियांचा आकडा दहाव्या हिश्श्याखाली आला; मुलांच्या तब्येतीवर काही वाईट परिणाम दिसला नाही.

या गोंधळात शिस्त आणली ती पिट्सबर्गच्या बालरुग्णालयातल्या जॅक पॅरडाइज यांनी. १९७८ सालच्या त्यांच्या अभ्यासात ६५ मुलं होती; सगळ्यांच्या आईवडिलांनी "सारखाच घसा धरतो" असं सांगितलेलं, पण लेखी नोंद कुणाचीच नव्हती. ही मुलं त्यांनी नुसती नजरेखाली ठेवली. प्रत्येक खेपेला बोलावून घसा तपासला, नोंद केली. सांगितल्याइतका त्रास खरोखर दिसला तो ६५ पैकी फक्त ११ जणांत. आया खोटं बोलत नव्हत्या. आजारी पोरापाशी काढलेल्या रात्री मनात मोठ्या होतात, मधले चांगले महिने पुसले जातात. शिवाय माणूस डॉक्टरकडे येतो तो सगळ्यांत वाईट वर्षानंतर, आणि वाईट वर्षानंतरचं वर्ष बहुतेकदा बरंच असतं. त्या वेळी जो उपचार चालू असेल त्याला यश मिळतं. टॉन्सिल काढणाऱ्या सर्जनला, साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या देणाऱ्याला आणि नवस फेडून घेणाऱ्या देवालाही.

पॅरडाइज यांनी मग १९८४ मध्ये, जबर त्रास असलेल्या १८७ मुलांवरची चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यातला निकष आज जगभर वापरला जातो : एका वर्षात सात वेळा, किंवा लागोपाठ दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा लागोपाठ तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा. आणि प्रत्येक खेपेची नोंद हवी. नुसतं घसा दुखणं धरायचं नाही, त्यासोबत १०१ अंशांच्या आसपास किंवा वर ताप, मानेच्या दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरं, किंवा स्ट्रेप्टोकॉकसची तपासणी सकारात्मक, यातलं काहीतरी हवं. अशा मुलांना शस्त्रक्रियेचा पुढची दोनेक वर्षं स्पष्ट फायदा झाला. पण ज्यांची केली नाही त्यांच्यातल्याही पुष्कळांचा त्रास वर्ष-दोन वर्षांत आपसूक कमी झाला. याहून कमी त्रास असलेल्या मुलांवरचा त्यांचा निष्कर्ष २००२ साली आला : होणारा थोडासा फायदा शस्त्रक्रियेच्या जोखमीला पुरून उरत नाही.

म्हणून वही घाला. शाळेची जुनी शंभर पानी चालेल. तारीख. थर्मामीटरने मोजलेला ताप. "अंग गरम होतं" ही नोंद धरायची नाही. खोकला-सर्दी होती की नव्हती. मानेच्या गाठी. पांढरे ठिपके, जमल्यास मोबाइलवर फोटो. शाळा किती दिवस बुडाली. औषध कोणतं, किती दिवस दिलं. घरात आणखी कुणाला झालं का. सहा महिन्यांनी ही पानं डॉक्टरांपुढे ठेवली की पाच मिनिटांत चित्र उभं राहतं, आणि पुष्कळदा आई स्वतःच म्हणते, अरे, चारच वेळा झालं की, त्यातही दोनदा सर्दीच होती.

वहीतून एक निराळीच गोष्टही कधी सापडते. ताप दर चार आठवड्यांनी, जणू कॅलेंडर बघून येतो. तोंडात फोड, घसा लाल, गाठी, चार-पाच दिवस, आणि मग मूल ठणठणीत. घरात दुसऱ्या कुणाला होत नाही, प्रतिजैविकाने तिळमात्र फरक पडत नाही. हा जंतुसंसर्गच नव्हे; ठरावीक काळाने उसळणारा दाहाचा ताप आहे, आणि वैद्यकात त्याचं पहिलं वर्णन झालं ते १९८७ मध्ये. स्टेरॉइडचा एक डोस दिला की तो काही तासांत उतरतो. तो डोस अर्थातच बालरोगतज्ज्ञाने ठरवायचा. तारखा लिहिलेल्या नसतील तर हा आजार ओळखू येणं जवळजवळ अशक्य.

शस्त्रक्रियेचं दुसरं कारण घशादुखीचं नाही, झोपेचं आहे. टॉन्सिल आणि ॲडेनॉइड इतके मोठे की मूल रोज रात्री घोरतं, मान मागे टाकून झोपतं, मध्येच श्वास थांबून दचकतं, घामाने भिजतं, दिवसा चिडचिड करतं. इथे सात-पाच-तीनचा हिशेब लागू नाही. झोपेतला दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावा. अशा पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवरची अमेरिकेतली मोठी चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेतली तपासणी नीट झाली, आणि नुसती वाट पाहिलेल्यांपैकीही ४६ टक्क्यांची. वागणूक आणि झोप शस्त्रक्रियेने जास्त सुधारली. तेव्हा सौम्य त्रासात थांबायला हरकत नाही; श्वास खरोखर अडत असेल तर थांबू नये.

ठरलीच शस्त्रक्रिया, तर अंजनवेलच्या माणसाने वैद्यकाइतकाच भूगोलाचाही विचार करावा. गुहागरचं ग्रामीण रुग्णालय जवळ आहे, पण भूल देऊन घशाची शस्त्रक्रिया म्हटली की कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय, डेरवणचं वालावलकर रुग्णालय, रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय किंवा चिपळूणचे खासगी दवाखाने. चिपळूणच पन्नास-साठ किलोमीटर. शाळेत वर्षातून एकदा येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला वही दाखवली तर पुढची चिठ्ठी तिथूनच मिळू शकते. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावं. शस्त्रक्रिया अर्धा-पाऊण तासाची. बाहेर कुठे चीर नाही, टाके दिसत नाहीत, पुष्कळदा दुसऱ्या दिवशी घरी. धोका आहे तो रक्तस्रावाचा, आणि त्याच्या दोन वेळा असतात : पहिले चोवीस तास, आणि मग पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान खपली सुटते तेव्हा. शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तो कमीजास्त प्रमाणात होतो. म्हणजे धोक्याची दुसरी वेळ येते ती मूल घरी अंजनवेलला असताना. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चढून चिपळूण बुडालं, तो दिवस तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. जुलै-ऑगस्टची तारीख कुणी दिली तर सरळ नाही म्हणावं. दिवाळीची सुट्टी उत्तम. चिपळूणला नातेवाईक असतील तर ते दहा दिवस त्यांच्याकडेच काढावेत.

घरी आल्यावर टॉन्सिलच्या जागी पांढरा थर दिसतो. तो पू नव्हे, जखमेची खपली आहे; तोंडाला वास येतो, तोही जाईल. कान दुखला तर कानात तेल घालू नये, घशाचीच कळ नसेतून तिथे जाणवते. पेज, गुरगुट्या भात, थंड दूध, जे जाईल ते द्यावं. गिळणं थांबलं तर घसा कोरडा पडून दुखणं वाढतं. पॅरासिटॅमॉल वेळच्या वेळी, दुखायची वाट न बघता. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध मात्र चुकूनही नको. या शस्त्रक्रियेनंतर त्याने काही मुलांचे श्वास थांबले, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये त्याविरुद्ध कडक इशारा दिला. दोन आठवडे शाळा नाही, सायकल नाही, समुद्रावर धावाधाव नाही.

रात्री मूल झोपेतच पुन्हा पुन्हा गिळतंय असं वाटलं तर उठून दिवा लावून घशात बघावं. रक्त आत गिळलं जात असतं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. ताजं लाल रक्त दिसलं, मग ते चमचाभर का असेना, तर १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत मुलाला बसवून पुढे झुकवावं, काही खायला-प्यायला देऊ नये, आणि रक्त गिळू न देता भांड्यात थुंकू द्यावं. ते भांडं न ओतता सोबत न्यावं, म्हणजे किती गेलं ते डॉक्टरांना दाखवता येतं.